न उपसलेला झिरा

ढवळी नदीत एप्रिलमध्ये पाणी शोधायचं तर खाली वाकावं लागतं. वर नुसती वाळू. पाटोद्याच्या डोंगरातून निघालेली ही नदी वाघदरा गावाला वळसा घालून पुढं जाते, पण सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवल्यावर तिचं पाणी वाळूच्या पोटात जाऊन बसलं होतं. लोकांनी मग पात्रात झिरे खणले होते. झिरा म्हणजे कमरेइतका खड्डा, तळाशी परातभर पाणी, आणि ते वाटीनं हंड्यात भरत बसलेली एखादी बाई.

झिऱ्याची एक रीत असते, ती कुणाला शिकवावी लागत नाही. रात्रभर साचलेल्या पाण्यात जनावरं तोंड घालतात, कुत्री पाय बुडवतात, वाऱ्यानं लेंड्या येऊन पडतात. म्हणून सकाळी जी बाई पहिली येते ती झिरा उपसते. शिळं पाणी शेळ्यांपुढं ओतायचं, तळ खरवडून घ्यायचा आणि वाट बघायची. थोड्या वेळानं वाळूच्या अंगातून नवं पाणी सुटतं. ते प्यायचं.

प्रणिताला ही रीत दोन्हीकडून ठाऊक होती. ती मूळची वडवणीची. लहानपणी आजोळच्या नदीत तिनं स्वतः झिरा उपसला होता. आणि पर्यावरणशास्त्राच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात तिला तेच शिकवलं होतं: विहीर असो की हातपंप, आधी साचलेलं पाणी काढून टाका, मग नमुना घ्या. साचलेलं पाणी खड्ड्याबद्दल सांगतं, जमिनीबद्दल नाही.

बीडच्या एका पाणलोट केंद्रात ती नमुने गोळा करायची आणि अहवाल लिहायची. वाघदऱ्याचं काम तिच्याकडं आलं ते तिथल्या दूध उत्पादक सहकारी संस्थेमुळं. दुष्काळात गावात धड चालणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती. जनावरांची छावणी संस्था चालवत होती, टँकर संस्थाच मागवत होती, आणि पावसाळ्याआधी नदीकाठी चर कुठं खणायचे, गाळ कुठला काढायचा, जनावरांना कुठं बंदी घालायची, कुठलं पाणी प्यायचं आणि कुठलं सोडायचं, हेही संस्थाच ठरवणार होती. ठरवणार होती प्रणिताच्या अहवालावरून.

चौदा एप्रिलला ती पहाटेच आली. सुट्टीचा दिवस, पण प्रयोगशाळेतल्या बाई तिच्या शब्दाखातर दुपारपर्यंत थांबणार होत्या. जिवाणूंचे नमुने बर्फात ठेवून वेळेत पोचले नाहीत तर फुकट जातात, म्हणून सगळी घाई.

वरच्या अंगाला गावाचे झिरे होते. तिथं बायकांची गर्दी, उपसून झालेलं, नवं पाणी सुटलेलं. केशरबाईनं वाटी धुऊन तिच्या हातात दिली.

"आमच्या पाण्याला मार्क किती, म्याडम?"

"अजून पेपर तपासायचाय, मावशी."

"तपासा, तपासा. नापास झालं तर संस्थेच्या इठ्ठलरावाला धरा. शाळा त्याचीच हाय."

बायका हसल्या. प्रणितानं निर्जंतुक बाटली भरली, झाकण लावलं, बर्फात ठेवली.

मग काठानं खाली. आधी संस्थेची छावणी लागली: हिरव्या जाळीखाली दावणीला बांधलेली शेकडो जनावरं, शेणाचे ढीग, मुताचा उग्र वास. छावणीच्या खाली, नदीच्या वळणावर, बौद्ध वस्तीचा झिरा. एकच, पण मोठा आणि नीट बांधलेला, कडेनं दगड रचलेला. बहात्तरच्या दुष्काळात वस्तीतल्या बायांनी ती जागा शोधली होती. तेव्हापासून वस्तीनं पाण्यासाठी गावापुढं हंडा ठेवला नव्हता.

झिऱ्यावर कुणीच नव्हतं. वरून, वस्तीकडून, लाऊडस्पीकरवर बुद्धवंदना ऐकू येत होती. आज बाबासाहेबांची जयंती, हे प्रणिताला माहीत होतं. त्याच सुट्टीचा हिशेब करून ती पहाटे निघाली होती. पण जयंती म्हणजे वस्तीतल्या बाया आदल्या दिवशीच पाणी भरून ठेवणार, सकाळी पांढऱ्या साड्या नेसून विहारापुढं बसणार, आणि वंदना, झेंडा सगळं आटोपेपर्यंत झिऱ्याकडं कुणी फिरकणार नाही, इथवर तिचा विचार गेला नाही. किंवा गेला आणि तिनं तो अर्ध्यात सोडला. पुढं कितीदा तरी तिनं हे आठवून पाहिलं, पण या दोहोंतलं खरं कुठलं ते तिला कधीच ठरवता आलं नाही.

एक गोष्ट मात्र तिला नक्की आठवत होती. झिऱ्याच्या कडेच्या ओल्या वाळूत खुरांचे ठसे होते. ताजे. छावणीतलं एखादं जनावर रात्री सुटून पाणी पिऊन गेलं होतं. पाण्यावर गवताची काडी तरंगत होती. म्हणजे हा झिरा उपसलेला नाही, हे तिला त्या क्षणी कळलं होतं.

उपसायला डबा जवळच पडला होता. पण उपसणार, मग नवं पाणी सुटायची वाट बघणार, आणि तिकडं बर्फ वितळतोय. काठावरून ड्रायव्हर रामहरीनं हॉर्न दिला.

तिनं काडी बाजूला सारली आणि बाटली भरली.

*

निकाल आले ते एखाद्या पुस्तकातल्या उदाहरणासारखे. गावाचे झिरे जेमतेम, पण मर्यादेत. वस्तीच्या झिऱ्यात विष्ठेतले जिवाणू मोजता येऊ नयेत इतके, नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट. केंद्राचे प्रमुख कुलथे सर नकाशावर वाकले आणि खूश झाले.

"बघ, कसं स्वच्छ चित्र आलंय. वर चांगलं, छावणीच्या खाली खराब. याला म्हणतात अहवाल."

चित्र खरंच स्वच्छ होतं, आणि म्हणूनच प्रणिताला ते बघवेना. वरचा नमुना उपसलेल्या झिऱ्याचा, खालचा न उपसलेल्याचा. ही तुलनाच नव्हती. पहिल्या वर्षाच्या मुलानं असं केलं असतं तर तिनं त्याला परत पाठवलं असतं.

"सर, खालचा नमुना पुन्हा एकदा घ्यायला हवा."

"मे महिन्याच्या फेरीत घेशीलच की."

"हो," ती म्हणाली. कारण सांगितलं नाही. सर विचारतील तर सांगू, असं तिनं ठरवलं होतं. सरांनी विचारलं नाही. तिनं नकाशावर वळणाच्या जागी लाल ठिपका काढला आणि शिफारशी लिहिल्या: झिऱ्याचा पिण्यासाठी वापर थांबवावा, छावणी काठापासून दूर हलवावी. दोन्ही वाक्यं एकाखाली एक. दुसरं वाक्य वाचताना तिला जरा हायसं वाटे.

संस्थेच्या कार्यालयात तिनं तो नकाशा भिंतीला लावला तेव्हा अध्यक्ष विठ्ठलराव खुर्ची पुढं ओढून बसले. साठीचा, हळू बोलणारा माणूस. दुष्काळात गावातलं एक जनावर कसायाकडं जाऊ द्यायचं नाही, असा त्यांनी हट्ट धरला होता आणि तो पाळूनही दाखवला होता.

"म्याडम, लई मोठं काम केलं तुमी. आमाला काय दिसतंय पाण्यातलं. आमी आपले डोळ्याला निर्मळ दिसलं की पितो."

"छावणी हलवता येईल का?" प्रणितानं विचारलं.

सचिव बद्रीनाथ हसला. "कुठं न्यावी? डोंगरावर? टँकर चढंल का तिथं?"

"छावणी पावसापत्तुर हाय," विठ्ठलराव म्हणाले. "तवर झिरा बंद करू. वस्तीतल्या माणसांनी गावातल्या टाकीवर यावं, टँकरचं पाणी भरावं. कुणी न्हाई म्हणतंय का? लेकरं आजारी पडली तर उद्या आमच्याच डोक्याव खापर."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. वाईट पाण्यावर जे करायला हवं तेच ते करत होते. पाणी वाईट आहे की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर भिंतीवर लाल ठिपक्यात लावलेलं होतं.

प्रणिताला म्हणायचं होतं, जरा थांबा. ती म्हणाली, "मे महिन्यात मी पुन्हा येणारच आहे."

"या की. गाव तुमचंच हाय," विठ्ठलराव म्हणाले आणि बद्रीनाथला ठराव लिहायला सांगितला.

*

मे महिन्यात ती आली तेव्हा वळणावर झिरा नव्हता. त्या जागी तांबड्या मुरमाचा उंचवटा होता, ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबून बसवलेला. नुसता बंद करा म्हटलं तर माणसं गुपचूप उकरतील, म्हणून संस्थेनं मुरूम टाकून पक्का बुजवला होता. रचलेले दगड बाजूला उधळले होते.

ती वस्तीत गेली. पहिलंच घर सरूबाईचं. सरूबाई पायरीवर बसली होती, गुडघ्याला तेल चोळत.

"आजी, मी प्रणिता. पाणी तपासायला आलते."

"वळखलं. बस." म्हातारीनं घरात हाक दिली, "मनकर्णा, पाणी आण गं."

सून बाहेर आली. तिशीची, उंच, डोळ्याला डोळा देणारी. तिनं तांब्या पुढं केला. "प्या. हे गावातलंच हाय. भ्यायचं काम न्हाई, तुमी पास केलेलं."

प्रणितानं तांब्या घेतला. पाणी तिनं शेवटच्या घोटापर्यंत संपवलं.

"टाकीवर जाता रोज?"

"जातो की," मनकर्णा म्हणाली. "सकाळच्यापारी हंडे लावतो. गावातल्या बायांचे हंडे हायेत, मग बैठकीतल्या पाहुण्यांचे हायेत, मग संस्थेच्या चहाचं पाणी हाय. मग आमी. कुणी काय बोलत न्हाई बरं का. तोंडभरून हसत्यात. 'ये मनकर्णा, थांब जरा' म्हणत्यात. थांबतो."

"तू गप," सरूबाई म्हणाली. "तिनं काय केलं? तिनं तपासलं. पाणीच तसं असंल."

"तसं कसं असंल? चाळीस-पंचेचाळीस साल पिलो, त्यात कुणी मेलं न्हाई."

"आता छावणी आली ना वर. आदी कुटं होती?"

म्हातारी आपली बाजू घेतेय हे प्रणिताला सहन होईना. ती म्हणाली, "आजी, मला परत नमुना घ्यायचाय. झिरा उकरावा लागेल."

मनकर्णाचा नवरा जालिंदर आतून ऐकत होता. तो दारात आला. त्याच्या दोन गाई छावणीत होत्या आणि तो स्वतः तिथंच चारा वाटायच्या कामाला होता.

"म्याडम, उकरायचं म्हणता, पण संस्थेचा ठराव हाय. उद्या मला म्हणले, घे तुझी जनावरं नि जा, तर मी कुटं नेऊ?"

"मी विठ्ठलरावांची परवानगी आणते."

ती गेली आणि परवानगी आणलीसुद्धा. विठ्ठलरावांना फक्त एवढंच सांगितलं, दुसरा नमुना घेणं नियमातच आहे. ते लगेच हो म्हणाले. "शास्त्र हाय, म्याडम. घ्या. पाणी सुधारलं असंल तर आमाला काय आनंदच हाय."

वाटेत तिनं सगळं मनाशी जुळवलं. झिरा उकरायचा, नीट उपसायचा, नवं पाणी घ्यायचं. निकाल चांगला येणार. मग अहवालात एक वाक्य: दोन फेऱ्यांत तफावत आढळली, झिरा पुन्हा वापरात घेण्यास हरकत नाही. कुणालाच काही सांगावं लागणार नाही. वस्तीला झिरा परत मिळेल. आणि त्या सकाळची ती घाई फक्त तिच्यापुरती राहील.

*

जालिंदर आणि रामहरी दोघांनी मिळून मुरूम काढायला घेतला. मनकर्णा रिकामा हंडा घेऊन काठावर आली होती.

"जोर लाव बे," रामहरी म्हणाला. "छावणीत नुसता कडबा उचलून हात मऊ झाले का तुझे?"

"तू तर दिवसभर गाडीत बसून. तुझं ढुंगण बघ किती मऊ झालंय."

मुरूम संपला. खाली वाळू लागली पाहिजे होती, पण लागला तो तांबडा, चिकट गाळ. मुरमातली माती पाण्याबरोबर खाली उतरून वाळूच्या कणाकणांत जाऊन बसली होती. जालिंदरनं आणखी खणलं. आणखी खाली. वाळू ओलसर होती, हाताला गार लागत होती. पण पाणी सुटेना. सगळेजण खड्ड्याच्या काठावर बसून वाट बघत राहिले. सूर्य वर आला. खड्ड्याच्या तळाशी ओल चकाकली आणि तशीच सुकली.

"आटला," जालिंदर म्हणाला.

"मुरमानं आटला का उन्हानं?" मनकर्णानं विचारलं. ती प्रणिताकडं बघत होती, कारण असल्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच तर हे शिकलेले लोक येतात.

प्रणिता खड्ड्यात उतरली. वाळू मुठीत घेऊन दाबली. "दोन्हीनं असू शकतं. मे महिन्यात पाण्याची पातळी खाली जातेच. पण माती बसल्यामुळं झरे बुजलेत हेही खरं. कुठलं किती, ते आता सांगता येणार नाही."

"म्हंजी तपासायला पाणीच न्हाई."

"नाही."

तिनं मुठीतली वाळू खाली सोडली. सकाळपासून जुळवून ठेवलेलं ते एक वाक्य आता लिहिता येणार नव्हतं. दुसरा नमुना नाही म्हणजे पहिलाच खरा. कागदावर तो लाल ठिपका कायमचा राहणार, आणि पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, जो कुणी नकाशा बघेल तो म्हणेल, वस्तीचं पाणी घाण होतं.

मनकर्णा काठावर उकिडवी बसली. "म्याडम, एक इचारू? पयल्या बारीला तुमाला झिरा कुणी उपसून दिला?"

प्रणिता खाली होती, मनकर्णा वर. मान वर केल्याशिवाय तिला उत्तर देता येत नव्हतं.

"कुणीच नाही."

"कंदी आलत्या तुमी?"

"चौदा एप्रिलला. सकाळी. तुम्ही सगळ्या वंदनेला होतात."

रामहरीनं फावडं खाली ठेवलं. जालिंदरला आधी काही उमगलं नाही, मग उमगलं, तसा तो दुसरीकडं बघू लागला.

"तुमाला ठावं न्हवतं का, उपसावं लागतं ते?" मनकर्णानं विचारलं. आवाज चढला नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

खोटं बोलायला ही शेवटची जागा होती आणि ती सोपी होती. नव्हतं माहीत, म्हटलं असतं तर या लोकांनी मान हलवली असती. शहरात शिकलेली पोर, तिला काय माहीत.

"माहीत होतं," प्रणिता म्हणाली. "उपसलेला नाही हेही दिसलं होतं. मला घाई होती."

मनकर्णा उठली. तिनं पदर खोचला आणि काठावरचा रिकामा हंडा उचलला. "मंग त्ये आमचं पाणीच न्हवतं," ती म्हणाली. "ते म्हशीचं उष्टं होतं. आन् तुमी ते आमच्या नावावर लिवलं."

ती चढून निघून गेली. प्रणिताला खड्ड्यातून वर यायला जालिंदरनं हात दिला. तो हात तिला नको होता, पण त्याच्याशिवाय चढता येईना.

*

परतीच्या वाटेवर पाटोद्याला तिनं गाडी थांबवायला लावली आणि कुलथे सरांना फोन केला. सगळं सांगितलं.

"हे लेखी देऊ नकोस," सर म्हणाले. "अधिक निरीक्षणाची गरज आहे, एवढं लिही. तेही खोटं नाही."

"त्यानं ठराव बदलणार नाही, सर."

"आणि तू लिहिलंस की नमुना चुकीचा घेतला, तर बाकीच्या गावांच्या नमुन्यांवर कोण विश्वास ठेवील? तुझा करार जूनमध्ये संपतोय, मला वर काय सांगायचं?"

"जे झालं ते सांगा."

"प्रणिता, तू एकटी नाहीस यात. केंद्राचं नाव आहे."

सरांचं म्हणणंही खोटं नव्हतं. बाकीच्या गावांत तिनं प्रत्येक ठिकाणी उपसूनच नमुना घेतला होता, पण आता ते कशावरून, असं कुणी विचारलं तर तिच्याकडं तिच्या शब्दाशिवाय काय होतं? एका बाटलीनं बाकीच्या सगळ्या बाटल्या नासवल्या होत्या. गाडीत बसल्यावर तिनं रामहरीला विचारलं, "संस्थेची बैठक कधी असते?"

"सोमवारी. दूध घालून झाल्यावर." मग गाडी सुरू करता करता तो म्हणाला, "मी हॉर्न वाजवला होता त्या दिवशी."

"तुमचा काही दोष नाही, काका."

"तसं न्हाई म्हणत मी," रामहरी म्हणाला. "पण वाजवला होता."

*

सोमवारी कार्यालयात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. वस्तीतले लोकही आले होते. मनकर्णा दाराशी उभी होती, सरूबाईला खुर्ची दिलेली होती. प्रणितानं उभं राहून सांगितलं. झिरा उपसला नव्हता, हे दिसत असून मी नमुना घेतला. तो नमुना वस्तीच्या पाण्याचा नव्हता. त्याच्यावरून काढलेला निष्कर्ष मी मागं घेते. तिनं हेच लिहून आणलेला कागद टेबलावर ठेवला. बोलताना आवाज कापेल असं तिला वाटलं होतं. कापला नाही, याची तिला आणखीच लाज वाटली.

बद्रीनाथनं कागद वाचला. "म्हणजे आकडे चुकले?"

"आकडे बरोबर आहेत. पाणी चुकीचं होतं."

विठ्ठलरावांना यातलं शास्त्र समजावून सांगायची गरज पडली नाही. ते डोळे मिटून बसले. झिरा न उपसता पाणी घेतलं, एवढ्यात त्यांना सगळं कळलं होतं.

"म्याडम, हे तुमी त्याच दिवशी, हितंच, या खुर्चीवर सांगितलं असतं, तर मी मुरूम टाकला असता का?"

"नाही."

"न्हाई. आता तो मुरूम माझा झाला." त्यांनी डोळे उघडले. "मी टाकला. तुमच्या कागदावर टाकला, पण मीच टाकला ना. गावात कुणी तुमाला इचारणार न्हाई, मलाच इचारणार."

"इचारतोयच," सरूबाई खुर्चीतून म्हणाली. "इठ्ठल, झिरा तर गेला. आता आमाला वर खांदू दे."

वर म्हणजे छावणीच्या वर, गावाच्या झिऱ्यांच्या शेजारी. कुणी खोकलं. आजवर गावाचे झिरे वर आणि वस्तीचा खाली, हे कुणी कुठं लिहिलेलं नव्हतं आणि कुणी मोडलेलंही नव्हतं.

"वर जागा कुठं हाय, काकू?" बद्रीनाथ म्हणाला. "आधीच गर्दी. आन् पाणी पुरायला पायजे ना. एकानं खांदलं की दुसऱ्याचं खाली जातं. म्याडमला इचारा."

सगळ्यांनी प्रणिताकडं पाहिलं. महिन्यापूर्वी तिला हे आवडलं असतं. आता तिला वाटलं, कुणीतरी हे काम आपल्या हातातून काढून घ्यावं.

"अंतर ठेवून खणलं तर एका झिऱ्यानं दुसऱ्याचं पाणी फारसं कमी होऊ नये," ती म्हणाली. "पण हे मी इथं बसून सांगतेय. खणायच्या आधी आणि नंतर तुमच्या झिऱ्यांतली पातळी मोजावी लागेल. सगळ्यांच्या समोर. मी नसले तरी कुणालाही मोजता येते, काठी लावून."

"तुमी नसले तरी म्हंजी?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"माझा करार संपतोय."

विठ्ठलराव बद्रीनाथकडं वळले. "बद्री, लिही," ते म्हणाले. "आधीचा ठराव रद्द. वस्तीनं वर झिरा खांदावा. केशरबाईच्या झिऱ्याच्या वरल्या अंगाला, आंतर सोडून. कुणाची हरकत?"

हरकत दोघातिघांची होती, ती त्यांच्या तोंडावर दिसत होती. पण बोललं कुणी नाही. विठ्ठलरावांच्या मुरमाची गोष्ट होती आणि त्यांच्या तोंडावर ती पुन्हा काढायची कुणाची तयारी नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी जालिंदरनं खणायला घेतलं. प्रणिता सकाळपासून पात्रात होती. गावाच्या झिऱ्यांची पातळी तिनं काठीवर खुणा करून केशरबाईच्या हातानंच मोजून घेतली. केशरबाई आज थट्टा करत नव्हती. नव्या खड्ड्याकडं तिची पाठ होती.

खड्डा कमरेइतका झाला, मग छातीइतका. मग जालिंदर खालून म्हणाला, "लागलं."

तळाशी वाळू काळी पडली होती आणि एका बाजूनं बारीक धार सुटत होती, गढूळ, बोटाएवढी. प्रणितानं ती बघितली आणि तिला पहिल्यांदा वाटलं की हे सांगायला आपण पळत जावं. सरूबाई घरी होती. मनकर्णा टाकीवर.

टाकी गावाच्या चौकात होती. टँकर नुकताच आला होता आणि हंड्यांची रांग वळून देवळाच्या पायरीपर्यंत गेली होती. मनकर्णा रांगेच्या शेवटाकडं होती, पुढं दोन हंडे, कडेला एक घागर. प्रणिता धापा टाकत तिच्याजवळ गेली.

"ताई, पाणी लागलं."

मनकर्णानं तिच्याकडं पाहिलं. पुढच्या दोन बायांनीही माना वळवल्या.

"किती?"

"धार लागलीय. बारीक आहे."

"वस्तीला पुरंल का?"

प्रणितानं तोंड उघडलं. हो म्हणणं अगदी जिभेवर होतं. "अजून सांगता येत नाही," ती म्हणाली. "उद्या उपसून बघितल्यावर कळेल."

रांग पुढं सरकली. मनकर्णानं वाकून दोन्ही हंडे एकामागोमाग पुढं ढकलले, घागर उचलून त्यांच्यामागं ठेवली.

"मग आज रांग सोडत न्हाई," ती म्हणाली, आणि पुढच्या बाईच्या पाठीकडं बघत उभी राहिली.